तिचा फ्लू, माजा निमोनिया

मी मूळची मुरुडची न्हाय, मना इथं दिलेली हाय. माजं माहेर खाली खाडीच्या तोंडाशी, लहानसा पाडा, बापसाची लहान होडी, आयस सुकट घेऊन तळा गावच्या बाजाराला यष्टीनं जायची, यष्टीत लोकं नाकाला पदर लावायची आन तळ्याला उतरल्यावर तीच लोकं आधी येऊन पाटीत हात घालायची. आमी भावंडं लय, मी मधली, आन मधल्या पोरीकडं कोण बघतंय, मोठी ती मोठी म्हणून लाडकी, धाकटी ती धाकटी म्हणून लाडकी, मी आपली भांड्यांना. हे आधीच सांगून ठेवते, कारण मंग तुमी विचाराल की बाय तुज्या पोटात एवढं कशाला जळतं, तर ते माहेरापासनं हाय, सासरी येऊन शिकले न्हाय मी.

लगीन होऊन या घरात आले तवा सासूसासरे, माजा दादला आन धाकटा दीर, एवढीच माणसं. मी एकटीच सून. खळ्यावर जवळा पसरायचा, हलवायचा, बोंबील दांडीवर टांगायचे, सुकलं की निवडायचं, पाट्या भरायच्या, सगळं मी, आन सासू आल्यागेल्याला सांगायची की माजी सून वाघीण हाय. ऐकायला बेस वाटायचं. मंग दिराचं लगीन झालं आन सुनंदा आली. अलिबागकडची, दहावी शिकलेली, उंच, चापूनचोपून नेसणारी, बोलायला मऊ, कुणी काय बोललं तरी हसून घेणारी. काय सांगू तुमाला, ती आली त्या दिसापासनं सासूच्या तोंडात वाघीण हा शब्द मी परत ऐकला न्हाय.

मी कुणाचं वाईट करत न्हाय हां, कुणाच्या ताटात माती कालवली न्हाय, पण जळते, ते मी लपवत पण न्हाय, सुनंदालाच जाऊन विचारा. तिनं पसरलेला जवळा व्यापारी आधी उचलतो. तिनं केलेलं कालवण सासू दोनदा घेते, माजं केलेलं खाऊन बोलते, बरं झालंय, जरा खारट हाय. अहो, तेच मीठ, तीच वाटी! आन सगळ्यात मोठं म्हंजे माजा पोर, नितेश. सुनंदाला पोर झालं न्हाय. त्यावरनं मी तिला कवा वाकडं बोलले न्हाय, तेवढी अक्कल मना देवानं दिलेली हाय, पण तिनं माजा पोर असा लावून घेतला की शाळेतनं आला की काकी, ठेच लागली की काकी, आता पेणला कंपनीत लागला तर पयला पगार झाल्यावर साडी आणली ती पण दोघींना सारखी. सारखी! मी आयस, ती काकी, आन साडी एका रंगाची. मी ती अजून नेसले न्हाय.

तर आजाराचं. तुमी आजाराचं ऐकायला आला आन मी साडीवर गेले, पण सांगते, हे सगळं त्यातच हाय.

थंडी पडायला लागलेली, जवळा जोरात चाललेला, खळं एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी. सासरा मागंच वारलेला, दादला आन दीर होडीवर लांब दर्यात, घरात आमी बायाच. नितेश रविवारचा पेणवरनं आला तो नाक गळतच आला, शिंकतोय, कंपनीत म्हणे सगळ्यांनाच झालंय, आन जेवायला बसला ते काकीला चिकटून. त्याला काय ते दोन दिसांत बरं वाटलं, जवान पोर. पण मंग सुनंदा. सकाळी माज्याबरोबर खळ्यावर होती, हसत होती, दुपारी ऊन डोक्यावर असताना बोलते, बाय, मना थंडी वाजते. मी बोलले, एवढ्या उनात? हात लावून बघते तर तापलेला तवा. घरी नेईपर्यंत दात वाजायला लागले, डोकं फुटतंय, डोळं दुखतात, हाडंहाडं दुखतात, उभी र्‍हायला तयार न्हाय. एवढ्या झटक्यात आलं. सकाळी न्हाय आन दुपारी हाय.

नितेश अजून घरीच होता, त्यानं रिक्षा आणली, दवाखान्यात नेली. मी पण गेले. डॉक्टरीण बाय लहान वयाची, नाकात काडी घालून तपासलं आन बोलली, हा फ्लू हाय, इन्फ्लुएन्झा, साधी सर्दी न्हाय. याचा विषाणू असतो, खोकण्याशिंकण्यातनं दुसऱ्याला जातो, याच्यावर नेहमीच्या अँटिबायोटिकचा काय उपयोग न्हाय, झोपून र्‍हायचं, पाणी, पेज भरपूर, तापाला पॅरासिटामॉल. मंग विचारलं, साखर हाय का? सुनंदाला साखर हाय. तर बोलली, मंग हिला विषाणूवरची वेगळी गोळी देते, ती लवकर चालू केली तरच कामाची, बरं केलंत लगेच आणली, साखरवाल्यांना, म्हाताऱ्यांना, दम्यावाल्यांना, पोटुशी बायांना हा ताप जड जातो. आन वेगळी झोपवा, तोंडाला मास्क लावा, हात धुवा.

ऐकलंत? वेगळी गोळी! मना आजपर्यंत कुठल्या डॉक्टरनं वेगळी गोळी दिली न्हाय.

मंग काय, घरात राणीचा दरबार. आतली खोली तिला. सासू दारात बसून पेज भरवायला नितेशला सांगते, शहाळं कोण आणतंय, तिचं पांघरूण कोण बदलतंय, नितेशनं कंपनीत फोन करून सुट्टी वाढवली, काकीसाठी. माजं बाळंतपण झालं तवा दादला दुसऱ्या दिशी होडीवर गेलता. मी सरळ खळ्यावर गेले. दोघींचं काम एकटीनं केलं. जवळा थांबत न्हाय ना, त्याला कुणाच्या तापाशी काय देणंघेणं, आज न्हाय हलवला तर उद्या काळा पडतो.

आन मंग मना पण आला. तसाच, झटक्यात, अंग मोडून, थंडी वाजून. खळ्यावरच बसले मी, डोक्यावर पदर घेऊन. आता तुमी म्हणाल घरी का न्हाय गेलीस, सांगितलं का न्हाय. कशी सांगू? ती पडलेली, आन लगेच मी पडले, तर सगळा कोळीवाडा काय बोलला असता? तिचं बघून हिला पण ताप आला. सासू तर तोंडावर बोलली असती. म्हणून मी ताप दाबला. फळीवर मागच्या पावसाळ्यातल्या कसल्याशा गोळ्या उरलेल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या, वर गुळाची कोरी कॉफी. आन माज्या मनात काय होतं ते पण ऐका, मना वाटत होतं मी सांगायला नको, कुणाच्या तरी आपोआप ध्यानात यावं. नितेशनं बघावं आन बोलावं, आये, तुजं तोंड का उतरलंय. एवढंच पायजे होतं.

कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. तीनचार दिसांत ताप उतरला, मना वाटलं जिंकले, तिला वेगळी गोळी लागली आन मी उभ्या उभ्या घालवला. दोन दिस बेस गेले. भूक पण लागली. आन तिसऱ्या दिशी परत थंडी वाजून ताप, आन या वेळी खोकला. साधा न्हाय, बरगडीत उजव्या बाजूला सुई टोचल्यावानी कळ यायची, श्वास पुरता घ्यायला जमेना, आन खोकून जे पडायचं ते गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं.

आता इथंच आमची चूक झाली, आन ती आमच्यातच होईल, तुमच्यात होणार न्हाय. सुकट वाळवणाऱ्या बाया सगळ्याच खोकतात. सुकलेला जवळा झाडला की त्याची बारीक धूळ उडते, ती नाकातोंडात जाते, हंगामात खळ्यावर गेलात तर या टोकाला एक खोकते आन त्या टोकाला दुसरी. आमी त्याला सुकटीचा खोकला म्हणताव. त्याला कुणी विचारत न्हाय, खडीसाखर चघळायची आन काम करायचं. माज्या आयसला तो होता, सासूला होता. तर मी खोकत होते आन शेजारणी बोलत होत्या, यंदा जवळा लय हाय, धूळ पण लय हाय. मना पण तसंच वाटलं. रक्तासारखं दिसलं ते पण मी म्हटलं जवळ्याचाच रंग असंल.

आन घरात येऊन मी मुद्दाम तिच्या खोलीच्या दारापाशी खोकायची. मोठ्यानं. तर सासू काय बोलली असंल? बाहेर जाऊन खोक, सुनंदाचा आत्ताच डोळा लागलाय. मी बाहेर गेले. दांडीला धरून उभी र्‍हायले आन रडले, पण रडायला पण श्वास पुरत न्हवता, म्हणून रडणं पण अर्धंच झालं.

दुसऱ्या दिशी सुनंदा उठली. तिचा ताप सुटलेला, अशक्तपणा होता, चेहरा एवढासा झालेला, पण उठली आन पयल्यांदा कुठं आली तर खळ्यावर. तोंडाला फडकं बांधून. मी झाडू घेऊन बसलेली. ती आली, माज्याकडं बघत र्‍हायली. बोलली, बाय, बोल काहीतरी. मी बोलले, काय बोलू, जा तू, झोप जाऊन, राणी... आन एवढं बोलायला मी दोनदा थांबले. तिनं माजा पदर बाजूला केला, माजी छाती बघितली कशी वरखाली होत होती ती, माजे ओठ बघितले, आन ती ओरडली. सुनंदा. जी आयुष्यात कवा ओरडली न्हाय. नितेश, रिक्षा आण, आयस निळी पडलीय! मी तिचा हात झटकला, व्हय, झटकला, पण झटकायला ताकद कुठं होती, हात तिच्या हातातच र्‍हायला.

दवाखान्यात डॉक्टरीण बायनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आन पयला ऑक्सिजनच लावला. छातीला नळी लावून ऐकलं, फोटो काढला. फोटोत उजव्या बाजूला खाली सगळं पांढरं. बोलली निमोनिया, अलिबागला न्यायला लागंल. गाडीत सुनंदा माज्या पायाशी बसलेली, मास्क लावून, तिला स्वतःला बसवत न्हवतं आन माजे पाय धरून बसली. मी वर बघत होते. मना वाटलं मी आता मरते. आन खरं सांगते, तवा माज्या मनात पयला विचार काय आला, तर हा की नितेश आता पूर्ण तिचाच झाला.

मेले न्हाय. सलाईनमधनं अँटिबायोटिक चालू केलं, ऑक्सिजनचा मास्क, दिस गेले. जरा बोलायला यायला लागल्यावर तिथल्या डॉक्टरना मी विचारलं, डॉक्टरसाहेब, मना खरं सांगा, तिचा आजार मोठा का माजा? ते हसायला लागले. बोलले, मावशी, शर्यत हाय का? मी बोलले, तुमी सांगा तर. मंग त्यांनी नीट सांगितलं. फ्लू विषाणूनं होतो, तो नाक, घसा धरतो आन सगळ्या अंगाला हलवतो, झटक्यात येतो आन बऱ्याच जणांचा आठवड्याभरात जातो. निमोनिया छातीत खाली जाऊन बसतो, फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात त्यात पू-पाणी भरतं, मंग हवा जायला जागाच न्हाय. तो कधी विषाणूनं होतो, कधी जंतूंनी. तुमचं असं झालं की आधी तिच्यासारखाच फ्लू झाला, त्यानं छातीची ताकद गेली, तुमी विसावा घेतला न्हाय, आन मंग मागनं जंतू शिरले. ताप उतरून दोन दिस बरं वाटतं आन परत उलटतो, खोकला वाढतो, धाप लागते, छातीत टोचतं, ही त्याची खूण, तवा एक तास पण घरी बसायचं न्हाय. म्हाताऱ्या माणसाला तर कधी ताप पण येत न्हाय, नुसतं भलतंच बोलायला लागतं आन गळून जातं, तरी आत निमोनिया असतो. आन त्या उरलेल्या गोळ्यांचं सांगितलं तवा ते चिडले. बोलले, अँटिबायोटिक फ्लूवर चालत न्हाय, जंतूंच्या निमोनियावर चालतं ते पण डॉक्टरनं दिलेलं, दिलं तेवढं पुरं संपवायचं, दोन गोळ्या खाऊन जंतू मरत न्हायत, उलटे शहाणे होतात.

मी सगळं ऐकून घेतलं, पण माज्या डोक्यात एकच र्‍हायलं. माजा मोठा. तिचा नुसता फ्लू, माजा निमोनिया. मना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नर्स बोलली, मावशी आज हसताय. मी म्हटलं आता येऊ दे बायांना बघायला, आता विचारू दे माजी खबर.

आल्या. मुरुडवरनं यष्टी भरून आल्या, डॉक्टर दारातच थांबवत होते पण कोळणींना कोण थांबवतंय. आन येऊन काय बोलल्या? सुनंदे, धन्य तुजी गो! स्वतः तापातनं उठलीस आन जावेचा जीव वाचवलास! सुनंदे, तू जेवलीस का? सुनंदे, तुजं तोंड किती वाळलंय! मी मास्कमागं, माजं नाक-तोंड झाकलेलं, मना बोलता पण येईना. सगळ्यात मोठा आजार माजा आन नाव तिचं. मरायला मी टेकले, पण ते पण तीच घेऊन गेली. नितेश माज्या उशाशी बसून बोलतो, आये, काकी नसती तर. मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं झोपले.

नर्सनं एकदा सुनंदाला विचारलं, मावशी तुमची कोण लागते? मी मनात म्हटलं, जाव, सांग की, जाव. ती बोलली, मोठी भैन. मना राग आला. अजून येतो. विचारल्याशिवाय कशाला व्हायचं कुणाची भैन?

घरी आले पण महिनाभर अंगात जीव न्हवता, जिना चढले की बसायची. डॉक्टरनं सांगितलेलं ते आता करताव आमी. खळ्यावर जवळा झाडताना तोंडाला दुपदरी फडकं, सगळ्या बाया बांधतात, मीच लावली सवय, आन आता कुणी खोकली की मी विचारते ताप हाय का, धाप लागते का, कफ कसला पडतो, बाया हसतात, डॉक्टरीण झाली बोलतात. दाताला लावायची तंबाखूची मिश्री सोडली. घरात कुणाला ताप आला तर त्याचं ताट, भांडं, खोली वेगळी, हात साबणानं. आन लस. फ्लूची दरवर्षी घ्यायची, तो विषाणू सारखा रूप बदलतो म्हणून, आन निमोनियाची वेगळी, ती डॉक्टर सांगतील तशी. घेतली म्हंजे होणारच न्हाय असं न्हाय, पण झालं तर माणूस सहसा जिवावरनं वाचतं. मी दोन्ही घेतल्या. सासूला पण नेऊन दिल्या, ती सुईला बघून बोलली, एवढीच?

आन आता मजा ऐका. सुनंदा सुईला घाबरते! साखर बघायला बोट टोचायचं तरी नितेशचा हात धरते. लसीचं नाव काढलं की तिला काम आठवतं. एक वर्स टाळलं, दुसरं टाळलं. काय सांगू तुमाला, मना एवढा आनंद झालता, आयुष्यात एका गोष्टीत मी तिच्या पुढं गेले. खळ्यावर सगळ्यांना सांगितलं मी, शिकलेली हाय पण सुईला भिते. ती आपली हसायची.

पण यंदा पावसाळा सरता सरता आमच्या आळीत परत ताप सुरू झाला. शेजारचा एकजण गेला, म्हातारा होता, त्याला पण साखर. मयताला जाऊन आले आन मी तशीच तिच्या दारात गेले. चल. कुठं? दवाखान्यात, लस घ्यायला. बोलली, नको बाय, पुढच्या आठवड्यात. मी बोलले आत्ता. ती बोलली, तुला गो काय एवढं, मी मेले तर बरंच हाय ना तुला, सगळं घर तुजंच, नितेश तुजाच. हसत बोलली, पण बोलली. मना माहीत न्हवतं तिला एवढं सगळं कळत होतं ते.

मी दारातच बसले. सांगितलं तिला सरळ. बोलले, सुनंदे, तू मेलीस ना, तर तू कायमची चांगली होशील. तुजा फोटो लागंल, हार लागंल, सासू माज्या प्रत्येक कालवणाला तुजं नाव घेईल, नितेश कामावरनं आला की आधी फोटोपाशी जाईल, आन मी त्या फोटोवर काय भांडू? जित्या माणसाशी तरी मी बरोबरी करते. मेल्यावर तुज्यापुढं माजं काय चालणार न्हाय. ऊठ.

ती उठली. रिक्षात जाऊन बसली. सुई टोचताना डोळे मिटले आन माजा हात असा आवळला की नखं रुतली, बघा, अजून खूण हाय. नितेश कामावर होता, त्याचा हात न्हवता, माजाच होता.

दुसऱ्या दिशी मी मुद्दाम विचारायला गेले, हात दुखतो का, तर बोलते न्हाय, काय पण न्हाय, आन दोन हातांनी पाटी उचलून दाखवली. माजा तीन दिस दुखला होता, मना कूस पण बदलता येत न्हवती. हे असं हाय. देव पण तिच्याच बाजूचा.

आता माजं मागणं काय असणार? मी आधी गेले तर सगळी बायामाणसं येऊन तिलाच धीर देतील, सुनंदे, तू किती केलंस तिचं. ती आधी गेली तर काय होईल ते तुमाला सांगितलंच. मना दोन्ही सोसायचं न्हाय. म्हणून गावदेवीला नारळ फोडते तवा एकच सांगते, आये, दोघींना ठेव, तिला पण ठेव, आन पुढच्या वर्सी सुई टोचताना तिचा पण हात जरा दुखू दे.